तायक्वांदो : कोरियाची कला, आपली मुले आणि कपाटातला दांडपट्टा



जबलपुरातल्या कोणत्याही कॉलनीत संध्याकाळी सहाच्या सुमारास चक्कर मारली, तर एखाद्या मैदानात, शाळेच्या अंगणात किंवा सामुदायिक भवनात पांढरे कपडे घातलेली, कमरेला रंगीत पट्टे बांधलेली मुले ओळीत उभी राहून लाथा मारताना दिसतात. "हाना, दुल, सेत, नेत" असा गजर चाललेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, कराटे चालले आहे. शिकवणारा सांगतो, "कराटे नाही, तायक्वांदो." बहुतेकांना फरक कळत नाही. खरे सांगायचे तर इतिहास पाहिला की तो फरक वाटतो तितका मोठा नाही, आणि वाटतो तितका लहानही नाही. त्याचीच ही हकीकत.

प्रथम शब्दाचा अर्थ. 'ते' म्हणजे पायाने मारणे, 'क्वोन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. पायाचा आणि मुठीचा मार्ग तो तायक्वांदो. 'हाना, दुल, सेत' म्हणजे आपले एक, दोन, तीन. आमच्या शेजारच्या आजींनी नातवाला हे मोजताना ऐकले आणि विचारले, "हे कुठले रे स्तोत्र?" तेव्हा नातवाने त्यांना दहापर्यंतचे कोरियन आकडे शिकवले. आता फुलवाती मोजताना त्या गमतीने तेच आकडे म्हणतात.

तायक्वांदोच्या पुस्तकांत आणि वर्गांच्या पत्रकांत हटकून एक वाक्य असते : 'ही दोन हजार वर्षांची प्राचीन कोरियन कला आहे.' पुरावा म्हणून कोगुर्यो राज्याच्या काळातील थडग्यांतल्या भिंतीवरची चित्रे दाखवतात, ज्यात दोन पुरुष झुंजीच्या पवित्र्यात उभे आहेत. सिल्ला राज्यातल्या 'ह्वारांग' नावाच्या तरुण सरदारपुत्रांचा दाखला देतात. १७९० साली राजा जोंगजो याच्या आज्ञेने 'मुये दोबो तोंगजी' हा युद्धकलांचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात भाला, तलवार यांबरोबर नि:शस्त्र लढतीचाही एक भाग आहे. शिवाय 'तेक्क्योन' नावाचा पायाने लढण्याचा एक लोकखेळ कोरियात खरोखर होता. हे सगळे खरे आहे. पण या सगळ्यांपासून आजच्या तायक्वांदोपर्यंत सरळ रूळ टाकलेला नाही. मध्ये बरेच अंतर मोकळे आहे आणि ते अंतर जपानने भरले आहे.

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. १९४५ पर्यंत म्हणजे पस्तीस वर्षे कोरियन माणूस आपल्याच देशात परका होता. शाळांत जपानी भाषा आली आणि पुढे तर लोकांना जपानी नावे घेण्याची सक्ती झाली. या काळात शिक्षणासाठी जपानला गेलेल्या अनेक कोरियन तरुणांनी तिथे कराटे शिकून घेतले. त्यांतले काही गिचिन फुनाकोशी या कराटेच्या थोर गुरूंचे विद्यार्थी. ही मुले परत आली आणि त्यांनी 'क्वान' म्हणजे आपापल्या तालमी काढल्या. ली वोन-कुक यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये 'चुंग दो क्वान' काढली. पाठोपाठ सोंग मू क्वान, मू दुक क्वान, जी दो क्वान, चांग मू क्वान अशा तालमी निघाल्या. कोणी आपल्या विद्येला 'तांग सू दो' म्हणे, कोणी 'कोंग सू दो'. गंमत अशी की हे दोन्ही शब्द म्हणजे 'कराटे' हा शब्द ज्या चिनी अक्षरांत लिहितात, त्या अक्षरांचे कोरियन उच्चार. नाव सुद्धा त्यांचेच, फक्त जीभ कोरियन!

आता यावर आपल्याकडच्या काही उत्साही मंडळींचे म्हणणे असते की कराटे ओकिनावात चीनमधून आले, चीनमध्ये बोधिधर्माने नेले, म्हणजे अखेर सगळे भारतातूनच गेले. बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना कवायत शिकवली ही कथा ज्या चिनी ग्रंथावर उभी आहे, तो सतराव्या शतकातला आहे. बोधिधर्म होऊन गेले त्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने लिहिलेला. तेव्हा ती कथा श्रद्धेने ऐकावी, इतिहास म्हणून सांगू नये. कोरियन लोकांनी दोन हजार वर्षांचा दावा करावा आणि आपण त्यावर दीड हजार वर्षांचा शिक्का मारावा, यात कोणाचाच मान वाढत नाही. माझ्या मते कला जुनी असण्याला जेवढे महत्त्व आपण देतो तेवढे ते नाही. जबलपूरहून मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडची लाईन ७ मार्च १८७० रोजी जोडली गेली. ती रामायणकाळापासून होती असे कोणी म्हणत नाही, म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

मग तायक्वांदो तायक्वांदो कधी झाले? इथे एक असे प्रकरण येते की ते आपल्या मराठी वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९५० साली उत्तर आणि दक्षिण कोरियाचे युद्ध पेटले. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. पण एक प्रश्न उरला : हजारो युद्धकैदी आपापल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्या यांच्याकडे आले. कैद्यांचा ताबा घेण्यासाठी सुमारे सहा हजार भारतीय सैनिकांचे दल कोरियात गेले. त्या दलाचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूरजवळच्या वडगावचा हा मराठा गडी. मर्दानी खेळांचा आणि तालमींचा तो मुलूख.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके नाराज होते की भारतीय सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे आपल्या जवानांना इंचॉन बंदराजवळच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे आपल्या लोकांनी छावणी वसवली, तिला नाव दिले 'हिंद नगर'. दक्षिणेकडून ताब्यात आलेल्या कैद्यांची संख्या बावीस हजारांच्या वर होती. तारेच्या कुंपणामागे एकमेकांवर आणि पहाऱ्यावर खवळलेली माणसे. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या एका अधिकाऱ्याला आत ओढून नेले. बाहेर सशस्त्र पहारा सज्ज होता. एक हुकूम आणि गोळीबार झाला असता, ग्रेवालही वाचले नसते आणि शेकडो कैदीही. थोरात स्वत: त्या कुंपणाच्या आत गेले, कैद्यांच्या गराड्यात उभे राहून त्यांच्याशी बोलले आणि आपल्या माणसाला सोडवून आणले. गोळी झाडावी लागली नाही. या शौर्याबद्दल त्यांना पुढे 'कीर्तिचक्र' म्हणून ओळखला जाऊ लागलेला सन्मान मिळाला.

ज्या चिनी कैद्यांनी हा प्रकार केला, ते हिंद नगरात येण्यापूर्वी कोरियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या जेजू बेटावरच्या छावण्यांत होते. आणि त्याच जेजू बेटावर, त्याच १९५३ साली, चोई होंग-ही नावाचे दक्षिण कोरियाचे एक लष्करी अधिकारी आपली नवी एकोणतिसावी डिव्हिजन उभी करत होते. तिच्या बोधचिन्हावर मूठ होती. चोई जपानमध्ये कराटे शिकलेले. या डिव्हिजनमध्ये त्यांनी नाम ते-ही या तरुण अधिकाऱ्याच्या मदतीने सगळ्या सैनिकांना हातापायाने लढायची विद्या शिकवायला सुरुवात केली. तिलाच पुढे 'ओ दो क्वान' हे नाव मिळाले. म्हणजे कोरियाच्या एका टोकाला कोल्हापूरकडचा सेनापती नि:शस्त्र धैर्याचा एक धडा घालून देत होता आणि दुसऱ्या टोकाला नि:शस्त्र लढतीची नवी विद्या आकार घेत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण एकाच वर्षाच्या एकाच देशाच्या इतिहासात त्या शेजारी शेजारी बसतात. या प्रकरणातून शेवटी ८८ कैदी असे उरले की ज्यांना दोन्हीकडे जायचे नव्हते. ते १९५४ मध्ये आपल्या सैनिकांबरोबर जहाजाने मद्रासला आले. काही पुढे दक्षिण अमेरिकेत गेले, मोजके इथेच राहिले, इथलेच झाले.

असो. १९५० च्या दशकाच्या आरंभीच अध्यक्ष री यांच्यासमोर या विद्येचे प्रात्यक्षिक झाले. नाम ते-ही यांनी एका ठोशात तेरा कौले फोडली. री खूष झाले. त्यांना लहानपणचा तेक्क्योन आठवला आणि ही आपलीच जुनी विद्या आहे असे ते म्हणाले. अध्यक्ष म्हणाले म्हटल्यावर कराटेचे नाव कोण घेणार! ११ एप्रिल १९५५ रोजी भरलेल्या बैठकीत चोई यांनी सुचवलेले 'तायक्वांदो' हे नाव स्वीकारले गेले. उच्चारात तेक्क्योनची आठवण, अर्थात हात आणि पाय दोन्ही, आणि जपानी वास कुठे नाही. पस्तीस वर्षे परक्याखाली घालवलेल्या देशाने नाव शोधताना एवढी काळजी घेतली, यात मला तरी लबाडी दिसत नाही.

नुसते नाव बदलून भागले नाही. त्यांनी विद्याही बदलली. कराटेत हात प्रमुख, पाय कमरेच्या खाली. कोरियन लोकांनी पाय वर उचलला, उडी घेतली, हवेत गिरकी घेतली आणि डोक्यापर्यंत लाथ नेली. वीस वर्षांत दोन्ही विद्या शेजारी उभ्या केल्या तर लहान मूलही फरक सांगेल इतक्या वेगळ्या झाल्या.

पुढचा इतिहास भांडणांचा आहे, तो थोडक्यात आटोपतो. २२ मार्च १९६६ रोजी चोई यांनी सोलमध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. राज्यकर्त्यांशी बिनसल्यावर ते १९७२ मध्ये कॅनडात गेले. त्याच वर्षी सोलमध्ये 'कुक्कीवोन' हे तायक्वांदोचे मुख्य केंद्र उघडले आणि २८ मे १९७३ रोजी किम उन-योंग यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा, जागतिक तायक्वांदो महासंघ निघाला. चोई यांनी मग आपली विद्या उत्तर कोरियातही नेली. २००२ साली त्यांचे निधन झाले ते प्योंगयांगमध्ये. एकाच विद्येची दोन घरे झाली आणि सीमारेषा जवळजवळ तीच, जिच्यावर एकदा आपले हिंद नगर होते.

दक्षिणेकडच्या घराने मात्र एक काम फार चांगले केले. नऊ प्रमुख तालमी होत्या, प्रत्येकीचा पवित्रा वेगळा, परीक्षा वेगळी. १९७८ मध्ये त्या सगळ्या एका छत्राखाली आल्या. आम्हा रेल्वेवाल्यांना याचे महत्त्व लगेच कळते. आपल्याकडे जबलपूर ते नैनपूर, गोंदिया अशी छोटी लाईन होती, अडीच फुटी गेजची. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना ती प्रिय होती, मलाही आहे. पण मुंबईहून आलेला डबा तिच्यावर जाऊ शकत नव्हता. २०१५ मध्ये नैनपूरपर्यंतची ती लाईन बंद झाली आणि मोठी लाईन टाकली, तेव्हा कुठे मार्ग सलग झाला. तायक्वांदोने आपली छोटी लाईन वेळेवर बदलली. म्हणून आज जबलपुरात कुक्कीवोनचा काळा पट्टा मिळवलेल्या मुलीची श्रेणी सोलमध्ये, लंडनमध्ये किंवा नैरोबीत तशीच मानली जाते.

१९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ होता. २००० साली सिडनीला पदकाचा झाला. त्यानंतर जे घडले ते मला सर्वांत विलक्षण वाटते. व्हिएतनामला इतिहासातले पहिले ऑलिंपिक पदक सिडनीत तायक्वांदोने मिळवून दिले, ट्रान हिएउ न्गान या मुलीने. अफगाणिस्तानचे पहिले पदक २००८ मध्ये रोहुल्ला निकपाई याने तायक्वांदोतच जिंकले. २०१६ मध्ये जॉर्डनचे पहिलेवहिले पदक, तेही सुवर्ण, अहमद अबुघौशने याच खेळात मिळवले. ज्या देशांकडे तरणतलाव नाहीत, घोडे नाहीत, बर्फ नाही, त्यांच्यासाठी हा खेळ दार झाला. एक सपाट जागा, एक गणवेश आणि एक शिक्षक एवढ्यावर तो सुरू होतो.

भारतात तो कसा आला? त्याची वाट व्हिएतनामवरून येते. १९६० च्या दशकात कोरियाने व्हिएतनामच्या सैन्याला शिकवण्यासाठी प्रशिक्षक पाठवले, त्यांत तेरा कौले फोडणारे नाम ते-ही होते. व्हिएतनाममध्ये जन्मलेले भारतीय वंशाचे जिमी जगतियानी हे १९७० च्या दशकाच्या मध्यात ही विद्या घेऊन भारतात आले आणि १९७६ मध्ये भारतीय तायक्वांदो महासंघ स्थापन झाला. पुढे आपल्याकडेही महासंघांची भांडणे, न्यायालये, दोन-दोन निवड चाचण्या असे सगळे झाले. मुले घाम गाळतात आणि मोठी माणसे शिक्के सांभाळतात, हा अनुभव खेळ बदलला म्हणून बदलत नाही. परिणाम असा की २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय खेळाडू ऑलिंपिकच्या तायक्वांदो पदकस्पर्धेत उतरू शकला नाही. पण हरियाणाच्या अरुणा तंवर हिने टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व केले. आणि मूळची अरुणाचलची, मुंबईत सराव करणारी रूपा बायोर हिने २०२४ मध्ये आशियाई स्पर्धेत 'पुमसे' म्हणजे एकट्याने करायच्या रचनेच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. आपल्या मध्य प्रदेशात भोपाळला राज्य क्रीडा खात्याची मार्शल आर्ट्स अकादमी आहे, तिथे तायक्वांदो शिकवतात. आपल्या जबलपूरची अकादमी तिरंदाजीची. तिथे तयार झालेली मुस्कान किरार २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत सांघिक रौप्य घेऊन आली, तेव्हा अंतिम सामन्यात समोर कोरियाच होता. हा देश लहान असला तरी कुठेकुठे भेटतो पाहा!

आता मुख्य प्रश्न. आपल्या मंडळात गेले वर्षभर तो धुमसतो आहे. सभागृहातली संध्याकाळची वेळ तायक्वांदोच्या वर्गाला द्यावी का? एक ज्येष्ठ काका बैठकीत म्हणाले, "आपला दांडपट्टा, लेझीम, मल्लखांब सोडून परक्यांची लाथ कशाला?" सभा शांत झाली, कारण त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. भोसल्यांच्या राजवटीपासून या नर्मदाकाठी मराठी माणूस राहतो आहे. नंतर रेल्वेने, तोफगाडी कारखान्याने, शाळांनी आणखी घराणी आणली. चार पिढ्या मराठी टिकवली ती उत्सवाने. तिथे कोरियन आकडे घुमायला लागले तर मनाला लागणारच.

पण जरा आपलाच इतिहास पाहू. सार्वजनिक गणेशोत्सवाचे मेळे जेव्हा १८९० च्या दशकात पुण्यात निघू लागले, तेव्हा मुले हातात काठ्या घेऊन ठेक्यावर नाचत, गात. त्याच पुण्यात चापेकर बंधूंनी तरुणांना व्यायाम आणि कवायत शिकवायला मंडळ काढले होते. हत्यारबंदीचा कायदा १८७८ सालीच झाला होता. तेव्हा काठी, आखाडा आणि मल्लखांब हेच उरले. मल्लखांब दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणला. १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या चमूने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या वेळी अमरावती आणि जबलपूर एकाच प्रांतात होती हे आजच्या मुलांना सांगावे लागते. कोरियात तायक्वांदो हे नावही नव्हते, तेव्हा आपण बर्लिनला जाऊन आलो होतो.

मग आपण मागे कुठे राहिलो? चोई यांच्या शाखेत चोवीस रचना आहेत, ज्यांना ते 'तुल' म्हणतात. बहुतेकांना कोरियाच्या थोर पुरुषांची नावे. त्यांतली एक 'जूंग-गुन'. आन जूंग-गुन या क्रांतिकारकाने १९०९ मध्ये जपानच्या इतो हिरोबुमी यांना गोळी घातली आणि १९१० मध्ये तो लुशुनच्या तुरुंगात फासावर गेला. त्याच्या नावाच्या रचनेत बत्तीस हालचाली आहेत, कारण कोरियन गणतीने त्याचे वय बत्तीस होते. जगभरची मुले, ज्यांना कोरिया नकाशात दाखवता येणार नाही, तीही ती रचना शिकताना हा इतिहास पाठ करतात. दामोदर चापेकर १८९८ मध्ये फाशी गेले. त्यांच्या नावाची पट्ट्याची एखादी रचना, ठरलेल्या हातांची, ठरलेल्या पावलांची, आपण बांधली असती तर? ते आपण केले नाही. विद्या गुरूच्या अंगात राहिली, गुरू गेले की गेली. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवला हे त्यांचे उपकार. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केले, तेही चांगले झाले. मात्र घोषणेने मनगट फिरत नाही. आपल्या मंडळाच्या कपाटात दोन पट्टे आहेत. विसर्जन मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ते निघतात, त्यांना तेल लागते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आत जातात.

मल्लखांबाने हे ओळखले. १९८१ मध्ये उज्जैनला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, नियम झाले, गुण ठरले. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले. २०२० साली उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातला खेळ आणि त्याला राज्य खेळाचा मान आपल्या मध्य प्रदेशाने दिला, याचा जबलपूरच्या मराठी माणसाला दुहेरी आनंद व्हायला हवा. तेव्हा काकांना माझे नम्र उत्तर असे की परक्यांची लाथ शिकण्यात धोका नाही. त्यांनी लाथ शिकवण्याची जी पद्धत बसवली ती आपण शिकलो नाही, तर दांडपट्टा कपाटातच राहील.

आता फायद्यांकडे येतो. पत्रकांत 'आत्मविश्वास, एकाग्रता, शिस्त' असे तीन शब्द छापलेले असतात. मी पदविकाधारक अभियंता, मला जे मोजता येते त्यापासून सुरुवात करतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट. ताशी पन्नास किलोमीटरवरची गाडी शंभरवर नेली की थांबायला साधारण चौपट अंतर लागते, ते यामुळेच. तायक्वांदोची सगळी विद्या या एका सूत्रावर उभी आहे. म्हणून त्यात थोराड शरीरापेक्षा चपळ शरीराला जास्त संधी आहे आणि म्हणून किडकिडीत मुलीने मारलेली लाथ फळी मोडते. लाथ मारण्याआधी गुडघा छातीकडे घेतात, मग पाय उलगडतात, त्याच वेळी टेकलेल्या पायाचा चवडा आणि कंबर फिरते. जांघेतून निघालेला वेग गुडघ्यातून, घोट्यातून वाढत टाचेपर्यंत जातो, चाबकाच्या टोकासारखा. फळी देवदारासारख्या मऊ लाकडाची असते आणि रेषांच्या दिशेने फुटेल अशीच धरतात. त्यात जादू नाही. मात्र मूल फळीला घाबरून शेवटच्या क्षणी वेग कमी करते, तेव्हा फळी फुटत नाही आणि पाय दुखतो. फळीच्या पलीकडे मारायचे असते. हे एकदा पायाला कळले की पुढे पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडते.

दुसरा फायदा तोल. एका पायावर उभे राहून दुसरा पाय डोक्याइतका उचलायचा, परत आणायचा आणि पडायचे नाही. आमच्या कामात रुळाच्या कडेने मैलोगणती चालावे लागते, खडीवर पाय घसरतो. चाळिशी उलटल्यावर तोल किती मोलाचा असतो ते मला माहीत आहे. माझी मुलगी गेली तीन वर्षे शिकते आहे. तिच्याबरोबर मी आठवड्यातून दोनदा फक्त ताण देण्याचे आणि एका पायावर उभे राहण्याचे व्यायाम करतो. लाथा तिच्या वाट्याला. पूर्वी चवड्याला हात लावताना माझा श्वास अडके, आता लागतो.

तिसरा फायदा कमी बोलला जातो. वर्गात शिरताना वाकून नमस्कार, जोडीदारासमोर उभे राहिल्यावर वाकून नमस्कार, हरल्यावर आणि जिंकल्यावरही वाकून नमस्कार. आमच्या कॉलनीतला एक मुलगा बोलताना अडखळतो, म्हणून चारचौघांत तोंड उघडत नसे. वर्गात प्रत्येकाला पाळीपाळीने दहापर्यंत मोठ्याने मोजावे लागते. कोरियन आकडे सगळ्यांनाच नवे, त्यामुळे सगळेच अडखळत होते. तो त्यात मिसळून गेला. सहा महिन्यांनी तो पुढे उभा राहून मोजत होता. त्याचे अडखळणे पूर्ण गेलेले नाही, पण त्याची पाळी आली की तो मागे सरत नाही.

काही गोष्टी पालकांना स्पष्ट सांगायला हव्यात. तायक्वांदो म्हणजे गुंडांपासून बचावाची हमी नव्हे. समोरच्याच्या हातात चाकू असेल तर पळणे हाच उत्तम डाव, आणि चांगला शिक्षक हेच शिकवतो. स्पर्धेत डोक्याला लाथ मारल्यास जास्त गुण मिळतात. त्यामुळे शिरस्त्राण, छातीचे कवच, दंतरक्षक यांच्यावाचून झुंज खेळू देऊ नये आणि डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद. लहान मुलांकडून जबरदस्तीने पाय फाकवून घेणाऱ्या शिक्षकापासून दूर राहावे, गुडघे आणि जांघ एकदा दुखावली की वर्षे जातात. शिक्षकाचा पट्टा कोणत्या संस्थेने प्रमाणित केला आहे ते विचारावे. दर तीन महिन्यांनी नवा रंग आणि नवी फी असा कारभार दिसला तर समजावे की पट्टा विकला जातो आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात आठ वर्षांच्या मुलाने दीड वर्षात काळा पट्टा 'मिळवला'. त्याला अजून दोन्ही पायांवर सारखे उभे राहता येत नाही.

कार्यकारिणीने बऱ्याच चर्चेअंती ठरवले आहे की अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारपासून सभागृहात सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहा ते सात तायक्वांदो आणि मंगळवार, गुरुवारी त्याच वेळी दांडपट्टा व लेझीम असे वर्ग चालतील. दोन्हीसाठी हजेरीपट एकच राहील. ज्याला तायक्वांदो शिकायचे आहे त्याने निदान एक दिवस पट्ट्याच्या वर्गाला यावे, ही अट काकांनी सुचवली आणि ती एकमताने मंजूर झाली. पट्ट्याच्या मुठींची दुरुस्ती चालू आहे. गणवेशाचा घाट पालकांनी लगेच घालू नये, पहिले दोन महिने साधा सैल पायजमा चालेल. आणि एक विनंती, पहिल्या आठवड्यात पालकांनी वर्गात बसू नये. मुले लाथ मारण्याआधी आपल्याकडेच पाहतात.